अलाइनमेंट सर्वांत शेवटी

पावसाळा ओसरतो, दसरा-दिवाळीच्या प्रवासांचे बेत ठरू लागतात आणि टायरच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. तक्रारी ठरलेल्या असतात. गाडी डावीकडे ओढते, ऐंशीच्या पुढे स्टीअरिंग थरथरते, वळवताना जड जाते, खड्ड्यातून गेले की खाली कुठेतरी खट् वाजते, रस्ता सरळ असला तरी स्टीअरिंग तिरपे धरावे लागते. तक्रार यांपैकी कोणतीही असो, पहिला उपाय बहुधा एकच निघतो: अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग. गाडी रॅम्पवर चढते, चाकांना पत्रे अडकवले जातात, कॉम्प्युटरच्या पडद्यावरचे लाल आकडे हिरवे होतात आणि छापील कागद मालकाच्या हातात पडतो. पुष्कळदा थोड्याच दिवसांत तीच तक्रार घेऊन गाडी परत येते. मग यंत्रावर, कारागिरावर किंवा गाडीच्या कंपनीवर खापर फुटते. माझ्या मते चूक क्रमाची आहे. अलाइनमेंट हे तपासणी संपल्यावर करायचे काम. ते आपल्याकडे तपासणीच्या बदल्यात केले जाते.

स्टीअरिंग हे एका लांबलचक साखळीचे आपल्या हातात आलेले टोक आहे. त्याच्या खाली कॉलम, कॉलमच्या शेवटी छोटा क्रॉस जॉइंट, मग पिनियन आणि त्यात गुंतलेली दातेरी रॅक; रॅकच्या दोन्ही टोकांना टाय रॉड, त्यांच्या टोकांना बॉल जॉइंट आणि तिथून पुढे चाक ज्यावर बसते तो नकल. त्याच नकलला खालून लोअर आर्मने धरलेले असते, वरून स्ट्रटने. ब्रेकची डिस्क, कॅलिपर, बेअरिंग, रिम, टायर हे सगळे त्याच ठिकाणी येऊन मिळते. यांतल्या कुठल्याही भागाचे बिनसले, तरी ते कळते स्टीअरिंगवरच, कारण हात तिथे असतात. हृदयविकाराची कळ डाव्या हातात उठते म्हणून कोणी हाताला मलम चोळत बसत नाही. गाडीच्या बाबतीत मात्र आपण बिनदिक्कत तेच करतो.

आता अलाइनमेंटच्या यंत्रावर प्रत्यक्षात काय होते ते पाहू. यंत्र मुख्यतः तीन कोन मोजते. वरून पाहिल्यास पुढची चाके एकमेकांकडे किंचित झुकलेली आहेत की बाहेर फाकलेली, तो टो. समोरून पाहिल्यास चाक उभे आहे की आत-बाहेर कललेले, तो कॅम्बर. आणि बाजूने पाहिल्यास ज्या अक्षाभोवती चाक वळते तो मागे किती रेललेला, तो कॅस्टर. वळणानंतर स्टीअरिंग आपोआप सरळ येते त्यात कॅस्टरचा वाटा मोठा. आपल्या रस्त्यांवरच्या बहुतेक छोट्या आणि मध्यम गाड्यांना पुढे मॅकफर्सन स्ट्रट असतो, मागे एकसंध बीम. अशा गाड्यांत कारखान्यातून आल्यावर हाताने बदलता येण्याजोगा कोन बहुधा एकच उरतो, पुढच्या चाकांचा टो. टाय रॉडचे नट सैल करायचे, रॉड फिरवायचा, नट आवळायचे. कॅम्बर आणि कॅस्टर यंत्र दाखवते, पण ते बदलायला बहुतेक गाड्यांत सोयच नसते.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण सगळा घोळ तिच्याभोवती आहे. पुढचा टो बिघडला म्हणून गाडी सहसा एका बाजूला ओढत नाही. दोन्ही चाके एकाच रॅकला बांधलेली असल्याने चालत्या गाडीत ती चूक दोघांत समान वाटून घेतात. टोच्या बिघाडाने टायर घासतात, गाडी सरळ रेषेत अस्वस्थ वाटते आणि रॉड दोन्हीकडे असमान फिरवले असतील तर स्टीअरिंग तिरपे बसते. मागच्या चाकांचा टो डावी-उजवीकडे वेगळा असेल तरीही स्टीअरिंग तिरपे धरावे लागते. म्हणजे ‘गाडी ओढते’ या सर्वांत मोठ्या तक्रारीवर, बदलता येणारा तो एकमेव कोन बदलून फरक पडण्याचा संभव मुळातच कमी असतो. गंमत अशी की ज्या कोनांवरून ओढण्याचे कारण कळू शकते, त्या डाव्या-उजव्या कॅम्बर-कॅस्टरमधल्या फरकाचे आकडे कागदावर असतात, फक्त त्यांना हात लावता येत नसल्याने कोणी वाचत नाही. एका बाजूचा कॅम्बर किंवा कॅस्टर दुसरीपेक्षा स्पष्ट वेगळा असेल तर त्या बाजूचा लोअर आर्म वाकला आहे, त्याच्या सांध्यातला रबरी बुश फाटला आहे किंवा स्ट्रट खड्ड्यात मार खाऊन आला आहे, अशी ती खूण असते. यंत्र उत्तम पुरावा देते. पण ‘आधीचे’ आकडे न पाहता ‘नंतरचे’ हिरवे आकडे पाहून घरी जायचे, अशी रीत पडली आहे.

मग गाडी ओढते कशाने? पहिला संशय रस्त्यावर घ्यावा. पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डांबरी रस्ता मध्ये उंच आणि कडेला उतरता करतात. साधारणतः मीटरभर रुंदीला दोन-अडीच सेंटीमीटरचा उतार असतो. आपण डावीकडून चालतो, म्हणून स्टीअरिंग हलके सोडले तर निरोगी गाडीही हळूहळू डावीकडे सरकते. तेव्हा रस्त्याच्या मधोमध सपाट भागात किंवा मोठ्या मोकळ्या आवारात पाहिल्याशिवाय ‘ओढते’ हा शब्द वापरू नये. दुसरा संशय हवेवर. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर त्या गाडीसाठी ठरलेला दाब लिहिलेला असतो आणि तो थंड टायरचा असतो. पेट्रोल पंपावर सरसकट ‘पस्तीस टाका’ म्हणून सगळ्यांना सारखी हवा भरली जाते. एका चाकात बारीक पंक्चर असेल तर ओढण्याचे कारण तिथेच असते. तिसरा संशय टायरवर. रेडियल टायर बनताना त्यातला पट्टा केसभर एका बाजूला सरकला, तर टायर किंचित शंकूसारखा वागतो आणि गाडीला एका अंगाला नेतो. हे ओळखायला कॉम्प्युटर लागत नाही. पुढचे दोन टायर डावे-उजवे अदलाबदल करावेत. ओढण्याची दिशा उलटली तर दोष टायरचा, तशीच राहिली तर दोष गाडीत. (बाण छापलेले एकदिशी टायर असतील तर ही चाचणी करू नये.) ब्रेक दाबल्यावरच ओढत असेल तर नजर कॅलिपरकडे वळवावी, प्रवासानंतर एक रिम दुसरीपेक्षा खूप तापलेली असेल तर तिथला पिस्टन किंवा पिना अडकत आहेत.

थरथरीचा विषय याहून मनोरंजक आहे, कारण तिथे साध्या गणितानेच बरेच काही कळते. पंधरा इंची रिमच्या एखाद्या मध्यम टायरचा घेर सुमारे १.९५ मीटर असतो. ताशी १०० किलोमीटर वेगाला असे चाक सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरते. रिमच्या काठावर एका बाजूला फक्त २० ग्रॅम वजन जास्त असेल तर या वेगाला त्याचा ओढा ३ किलो वजनाइतका होतो आणि तो सेकंदाला चौदा वेळा दिशा बदलत चाकाला हिसके देतो. हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ५० च्या वेगाला तो पाऊण किलोच असतो आणि जाणवतही नाही. भर अशी की चाक आणि त्याच्या सस्पेन्शनची स्वतःची हलण्याची लयही साधारण सेकंदाला दहा ते पंधरा वेळांची असते. दोन्ही जुळल्या की स्टीअरिंग हातात नाचू लागते आणि वेग आणखी वाढवला तर काही गाड्यांत थरथर कमीही होते. शहरात कधी न दिसलेले दुखणे १२० ची मर्यादा असलेल्या समृद्धी महामार्गावर गाडी चढली की पहिल्यांदा प्रकट होते ते यामुळे. रस्ता खराब नसतो, टायरही काल बिघडलेले नसतात; तो वेगच पहिल्यांदा आलेला असतो.

तेव्हा थरथर नेमकी केव्हा, हा खरा प्रश्न. विशिष्ट वेगालाच, ब्रेकशी संबंध नाही, आणि हाताला जाणवते, तर पुढच्या चाकांचे बॅलन्सिंग. सीटला, बुडाखाली जाणवते तर मागच्या. पावसाळ्यानंतर रिमच्या आतल्या बाजूला वाळलेला चिखल हे अगदी साधे कारण असते, आणि तो न खरवडता बॅलन्सिंग केले तर तो गळून पडल्यावर साधलेला तोल पुन्हा बिघडतो. यंत्र शून्य दाखवते तरीही गाडी थरथरते, असे झाले तर रिम वाकली आहे किंवा टायर गोल राहिलेला नाही. चाक उचलून हाताने फिरवावे आणि शेजारी एखादी सळई स्थिर धरावी, लंगडणारे चाक डोळ्यांना दिसते. थरथर फक्त ब्रेक दाबल्यावर येत असेल तर बॅलन्सिंगचे पैसे वाया जाणार. तिथे डिस्कची जाडी सगळीकडे सारखी राहिलेली नसते, आणि काही शतांश मिलिमीटरचा फरकही त्यासाठी पुरतो. नवी डिस्क बसवताना हबच्या तोंडावरचा गंज साफ केला नाही तर नवीही तिरपी बसते आणि काही महिन्यांनी तीच रड सुरू होते. फक्त वेग वाढवताना, अॅक्सिलरेटर दाबलेला असताना थरथरत असेल तर चाकाला शक्ती नेणारा ड्राइव्ह शाफ्ट पाहावा. पूर्ण वळवून गाडी हलवताना कट-कट-कट असा चालीबरोबर वाढणारा आवाज आला तर त्याच शाफ्टच्या बाहेरच्या टोकाच्या सीव्ही जॉइंटचे रबर फाटून ग्रीस केव्हाच निघून गेले आहे.

खरा धोका ढिलाईत असतो, आणि नेमकी तीच अलाइनमेंटच्या रॅम्पवर निसटू शकते. टाय रॉडचा बॉल जॉइंट झिजून सैल झाला असेल तर उभ्या गाडीत तो कुठल्यातरी एका स्थितीत टेकून राहतो; यंत्र त्या स्थितीचा कोन शतांश अंशापर्यंत अचूक सांगते. रस्त्यावर पहिल्या खड्ड्यात जॉइंट दुसऱ्या बाजूला टेकतो आणि तो अचूक आकडा निरर्थक होतो. म्हणून चांगला कारागीर आधी गाडी उचलतो. चाक घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी धरून हलवतो. ढिलाई असेल तर टाय रॉड किंवा रॅकचे टोक. बारा आणि सहाला धरून हलवतो. तिथे बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट सापडतो. मग पहारीने लोअर आर्मचे बुश दाबून पाहतो. दोन माणसे, एक पहार आणि एक टॉर्च, एवढ्यावर ही तपासणी होते. केंद्रीय मोटर वाहन नियम, १९८९ मधला ९८ वा नियम स्टीअरिंगची ढिल ३० अंशांपेक्षा जास्त नसावी आणि जोडणीच्या सर्व बॉल जॉइंटना रबरी टोप्या असाव्यात, असे सांगतो. ३७ सेंटीमीटर व्यासाच्या स्टीअरिंगला ३० अंश म्हणजे काठावर जवळपास पावणेदहा सेंटीमीटर! पेटीवजा स्टीअरिंग गिअरच्या ट्रक आणि जीपसाठी ही मोकळीक समजण्यासारखी आहे. रॅक-पिनियनच्या गाडीत चाके सरळ असताना काठावर तीनेक सेंटीमीटरहून अधिक मोकळे फिरत असेल तर तेव्हाच गाडी वर घ्यायला हवी. कायद्यात बसते म्हणून थांबू नये. नियमातली रबरी टोपीची अट मात्र शहाणपणाची आहे. जॉइंट झिजतो तो बहुधा टोपी फाटून आत धूळ-पाणी शिरल्यावर. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. पीयूसी फक्त धूर पाहते. एवढ्या काळात या टोप्यांकडे सरकारच्या वतीने कोणी वाकून पाहत नाही.

जडपणाबाबत लोकांची समजूत आणखी घट्ट आहे: ‘पॉवर स्टीअरिंग गेले, रॅक बदला.’ रॅक ही या साखळीतली सर्वांत महाग वस्तूंपैकी एक, म्हणून हे वाक्य ऐकताच सावध व्हावे. पॉवर स्टीअरिंग विकत मिळणाऱ्या मोटारीत आले ते १९५१ साली, क्रायस्लरच्या इम्पीरियलमध्ये, तेलाच्या दाबावर चालणारे. विजेच्या मोटरवर चालणारे सुझुकीच्या सर्व्हो या छोट्या गाडीत १९८८ साली आले आणि आज आपल्याकडच्या बहुतेक नव्या गाड्यांत तेच आहे. तेलाच्या प्रकारात जडपणाबरोबर घरघर ऐकू येत असेल तर टाकीतले तेल आणि पंपाचा पट्टा आधी पाहावा. विजेच्या प्रकारात डॅशबोर्डवर स्टीअरिंगचा दिवा लागला तर स्कॅनर लावण्यापूर्वी बॅटरीचे टर्मिनल आणि तिचा व्होल्टेज तपासावा, कारण व्होल्टेज पडला की ही यंत्रणा स्वतःला वाचवण्यासाठी मदत कमी करते. अरुंद पार्किंगमध्ये पुन्हापुन्हा वळवून मोटर तापली तरीही ती तात्पुरती जड होते. थंड झाल्यावर पूर्ववत झाली तर काहीच बिघडलेले नाही. दिवा लागत नाही पण एका फेऱ्यात ठरावीक ठिकाणीच जड लागते, तर कॉलमखालचा क्रॉस जॉइंट गंजला आहे. वळणानंतर स्टीअरिंग आपण होऊन सरळ येत नाही आणि वळवताना बॉनेटच्या बाजूने कुरकुर येते, तर स्ट्रटच्या माथ्यावरचे बेअरिंग. हॉर्न वाजेनासा झाला, एअरबॅगचा दिवा लागला आणि वळवताना कागद चुरगळल्यासारखा आवाज येतो, ही तिन्ही लक्षणे एकत्र आली तर स्टीअरिंगच्या पोटातली गुंडाळलेली वायर तुटली आहे; तिचा रॅकशी काही संबंध नाही. आणि घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून उतरणाऱ्यांसाठी जाता जाता: तेलाचा पंप इंजिनच फिरवते, त्यामुळे नेमक्या वळणावर स्टीअरिंग जड होईल, ब्रेकची मदतही दोन-तीन दाबांत संपेल.

यावर पहिला आक्षेप नव्या गाड्यांच्या मालकांचा असतो. आता सगळे सेन्सरवर आहे, स्कॅनर लावला की दुखणे कळते. मग हे पहार-टॉर्चचे पुराण कशाला? स्कॅनर सांगतो ते सेन्सर जिथे आहेत तिथलेच. मोटरला, हाताच्या जोराला आणि स्टीअरिंगच्या कोनाला सेन्सर असतो. बॉल जॉइंटला, बुशला, टायरच्या आकाराला नसतो. उलट काही गाड्यांतली विजेची यंत्रणा गाडीचे हलके ओढणे ओळखून स्वतःच थोडा उलटा जोर लावते. ड्रायव्हरला आराम मिळतो, पण लवकर कळायला हवे ते उशिरा कळते. अशा गाड्यांत आणखी एक पथ्य आहे. तिरपे स्टीअरिंग ‘सरळ’ करण्यासाठी काही ठिकाणी मधला नट काढून स्टीअरिंगच एक दाता फिरवून बसवतात. चाके तशीच राहतात, कोनाच्या सेन्सरला मात्र सरळ म्हणजे काय ते चुकीचे कळते आणि गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा त्याच चुकीच्या माहितीवर विसंबते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. अलाइनमेंट काही शे रुपयांत होते. उगाच केले तरी नुकसान काय? टायर पाच-दहा हजार किलोमीटरला पाहायचेच असतात, त्यात ही भर. नियमित देखभाल म्हणून हे मला मान्य आहे. तक्रार घेऊन आलेल्या गाडीवर मात्र त्याने दोन प्रकारचे नुकसान होते. एक, पुरावा पुसला जातो. आतून घासलेला टायर, हाताने एका दिशेने खरखरीत आणि दुसऱ्या दिशेने गुळगुळीत लागणारी नक्षी, जागोजागी खळगे पडलेला टायर, यांवरून कॅम्बर, टो आणि थकलेले शॉक अॅब्सॉर्बर ओळखता येतात. टायर पुढचे मागे केले आणि टो बदलला की हे वाचन गढूळ होते. दुसरे, सैल जॉइंट तसाच राहतो आणि मालकाच्या हातात ‘सगळे ठीक’ म्हणणारा कागद असतो. निष्काळजीपणापेक्षा हा खोटा दिलासा मला अधिक घातक वाटतो.

तिसरा आक्षेप कारागिरांचा, आणि तो ऐकून घ्यायलाच हवा. ग्राहक सुट्या भागाचे पैसे देतो, यंत्राच्या छापील कागदाचे देतो. अर्धा तास खाली पडून शोधण्याचे देत नाही. ‘नुसते बघायचे एवढे?’ हा प्रश्न कोणत्याही गॅरेजमध्ये ऐकू येतो. शोधण्याला मोल नसेल तर कारागीर अंदाजाने भाग बदलेल, नाहीतर रॅम्पवर चढवेल, हे सरळ अर्थकारण आहे. शिवाय गॅरेजभोवतीच्या गर्दीत चाळीसच्या पुढे गाडी जात नाही, तेव्हा ९० ला येणारी थरथर त्याने अनुभवायची कुठे? त्याच्या हातात कसब असले तरी लक्षण त्याच्यासमोर येतच नाही. निदानाचा अर्धा भाग म्हणूनच मालकाकडे राहतो. मालक तंत्रज्ञ नसतो हे खरे, पण ‘ताशी ८५ ते १०५ मध्ये, हाताला, ब्रेक न दाबता, गाडी गरम झाल्यावरही’ एवढे सांगायला तंत्रज्ञ असावे लागत नाही. त्यासाठी महामार्गावर वेगाचे प्रयोग करत बसू नयेत. रोजच्या प्रवासात लक्ष ठेवले तरी पुरते. आणि अचानक ढिलाई आली, खट् असा मोठा आवाज होऊन स्टीअरिंग वेगळे वाटू लागले, तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नये, टोइंग व्हॅनने न्यावी.

तेव्हा या दिवाळीत गाडी दाखवायला नेलीत तर ‘अलाइनमेंट करा’ असे सांगू नका. काय होते, कोणत्या वेगाला, वळताना की ब्रेक दाबल्यावर, एवढे कागदावर लिहून द्या. अलाइनमेंट झालेच तर आधीच्या आकड्यांचा कागदही मागून घ्या. आणि बिलात तपासणीची मजुरी वेगळी लिहायला सांगा, ती घासाघीस न करता द्या.